इंजिन धुवायचे कशाने? रॉकेल, सोडा की डिग्रीझर?

सोयाबीनची मळणी आटोपली आणि तुरीला अजून वेळ आहे, अशा मोकळ्या दिवसांत ट्रॅक्टर, जीप, मालगाडी धुऊन घेण्याची आपल्याकडे रीत आहे. रिसोड असो, मानोरा असो की कारंजा, दृश्य सारखेच. बोनेट उघडलेले, डब्यात डिझेल, हातात चिंधी. कुणी टोकले तर उत्तर ठरलेले, ‘चिकट निघून राह्यलं ना भाऊ, मंग काय पायजे?’

चिकट निघते हे खरे. पण त्याबरोबर रबरी पाइप फुगतो, वायरिंगमध्ये पाणी शिरते, आणि प्रसंगी गाडी पेट घेते. शेकड्यात होणारे काम मग हजारांत जाते. म्हणून धुण्याचे औषध निवडताना थोडा विचार हवा.

मळ कोणता, ते आधी पाहा

इंजिनवरचा मळ तीन प्रकारचा असतो. पहिला कोरडा, म्हणजे सोयाबीनचे कुटार आणि धूळ. याला कुठलेच औषध लागत नाही. ब्रश आणि हवा पुरे. पाणी मारले तर हेच कुटार भिजून रेडिएटरच्या जाळीत चिखलासारखे बसते आणि पुढच्या कामाला इंजिन तापते. जाळीला हवा नेहमी इंजिनच्या बाजूने बाहेर मारावी, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने परत जातो.

दुसरा मळ तेलकट. गळणाऱ्या ऑइलवर धूळ बसून झालेला काळा थर. औषध लागते ते यालाच. तिसरा बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा भुगा. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. मात्र बॅटरीची झाकणे घट्ट हवीत, सोडा आत जाता कामा नये.

पेट्रोल नकोच, डिझेलही नको

पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेते. म्हणजे पौषातल्या थंडीतही धोका आहेच. डिझेल आणि रॉकेल त्या मानाने सौम्य समजले जातात. पण भारतीय मानकानुसार त्यांच्यासाठी ही मर्यादा किमान ३५ अंशांची आहे. वाशीमला वैशाखात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, मग गरम इंजिनजवळ काय होत असेल? त्यात सायलेन्सरच्या कडेला कोरडे कुटार अडकलेले असेल तर एक ठिणगी पुरते.

दुसरे असे, की डिझेल-रॉकेलने साधे रबर फुगते आणि मऊ पडते. फॅनबेल्ट घसरू लागतो, पाण्याचा पाइप सांध्याशी ढिला होतो. शिवाय अंगावर तेलाचा हात राहतो, त्यावर नवी धूळ दुप्पट बसते.

सोडा तीन प्रकारचा

काही ठिकाणी कॉस्टिक सोड्याचे पाणी मारून इंजिन चकाचक करून देतात. चिकट खरोखर झटक्यात निघते. पण कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम खातो. आजच्या गाड्यांत रेडिएटर, अल्टरनेटरचे घर, बऱ्याच इंजिनांचे हेडसुद्धा अॅल्युमिनियमचे असते. धुण्याचा सोडाही अॅल्युमिनियमला काळे पाडतो. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा, नाव एक असले तरी जात वेगळी आहे. कॉस्टिक डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

डिग्रीझर घेताना

दुकानात डिग्रीझर दोन तऱ्हेचे मिळतात. एक तेलवर्गीय, त्याला रॉकेलसारखा वास येतो आणि डब्यावर ज्वालेचे चित्र असते. दुसरा पाण्यात मिसळणारा. घरच्या कामाला दुसराच बरा. डब्यावर ‘वॉटर बेस्ड’ आणि ‘अॅल्युमिनियमला सुरक्षित’ असे लिहिले आहे का, हे पाहावे. इंग्रजी कळत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. हातावर थेंब पडून कातडी जळते असे चित्र असेल तर तो डबा परत ठेवावा.

किंमत डब्याची नव्हे, तयार पाण्याची मोजावी. समजा, एक लिटरचा डबा ४०० रुपयांना आहे आणि त्यात नऊ लिटर पाणी घालायचे आहे. म्हणजे तयार औषध ४० रुपये लिटर पडले. अर्ध्या लिटरची फवाऱ्याची तयार बाटली २०० रुपयांची असेल, तर तेच ४०० रुपये लिटर पडते.

ड्रममधून पाण्याच्या जुन्या बाटलीत सुटे मिळणारे औषध घेऊ नये. त्यात काय आहे ते कळत नाही, आणि घरात पोरे ते पाणी समजून तोंडाला लावतात. असे घडले तर उलटी करवू नये, तडक दवाखाना गाठावा.

धुण्याची रीत

इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. तापलेल्या डिझेल पंपावर गार पाणी पडले तर तो जाम होऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने बांधावेत. आधी कोपऱ्यात थोडे औषध लावून रंग उतरत नाही ना, ते पाहावे. मग तेलकट भागावर लावून डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे, औषध वाळू देऊ नये. ब्रशने घासून हलक्या धारेने धुवावे. मोठ्या दाबाचे पाणी जवळून मारू नये. तणनाशकाचा पाठपंप या कामाला वापरू नये.

ब्रश-चिंधीने काम केले तर दोन-तीन बादल्यांत भागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नाही. धुतलेले तेलकट पाणी विहिरीच्या थारोळ्याशी किंवा नाल्यात सोडू नये.

धुण्याचा खरा फायदा चकाकी नव्हे. स्वच्छ इंजिनवर गळती लगेच दिसते. धुतल्यावर आठवडाभर गाडी चालवून पुन्हा बोनेट उघडावे. जिथे ओला डाग दिसेल तिथले पॅकिंग किंवा सील मिस्तरीकडून बदलून घ्यावे. रब्बीची पेरणी किंवा समृद्धी महामार्गावरचा लांबचा प्रवास यांच्या आधी हे झालेले बरे. गळती बंद झाली, तर पुढच्या वर्षी औषधाचा डबा अर्धाच लागेल.