जाब कुणाला विचारायचा?
घरी बघणारे कुणी नसेल, तर म्हाताऱ्याने जायचे कुणाकडे? इंग्लंडात हे काम कौन्सिलाकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे आहे. १९७० च्या कायद्याने मुले व म्हातारी, दोन्हींचा भार एकाच संचालकावर टाकला. पुढे २००० साली लंडनात व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची पोर सांभाळणाऱ्यांच्याच छळाने मेली. कचेऱ्यांना खबर होती, पण तिला कुणी सोडवले नाही. चौकशी झाली. मग २००४ च्या कायद्याने मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी दुसरा, असे दोन संचालक झाले. आम्हांला हे पटते. जाब विचारायला एक नाव हवेच की! तरी काही कौन्सिलांनी दोन्ही खुर्च्या पुन्हा एकालाच दिल्या. खुर्च्या कशाही मांडोत, २०१४ च्या कायद्याप्रमाणे गरजू दिसणाऱ्या माणसाची गरज कौन्सिलाने तपासलीच पाहिजे. त्याच्याजवळ पैसा किती, हे नंतर.