तळघरातील पाणी

पुण्यातील कित्येक नव्या इमारतींच्या तळघरांत दर पावसाळ्यात पाणी साचते, आणि दर पावसाळ्यात त्याचे खापर पावसाच्या माथी फोडले जाते. आम्हांला हे मान्य नाही. पावसाचा यात अपराध नाही; अपराध घडतो तो पाया खोदला जात असताना.

हे शहर काळ्या पाषाणावर वसले आहे. मुरमातून झिरपलेले पाणी खडकापाशी अडते व त्याच्या भेगांतून वाट काढते. अशा खडकात खड्डा खणून भिंत उभारली आणि मधली पोकळी राडारोड्याने बुजविली, की इमारतीभोवती जणू हौदच तयार होतो. त्यात ३ मीटर पाणी चढले म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरवर सुमारे ३ टनांचा दाब पडतो. आतून फासलेला लेप त्यापुढे टिकावा कसा?

खरा उपाय बाहेरून करावयाचा असतो. भिंतीच्या बाहेरील अंगास जलरोधक थर, तळ व भिंत यांच्या सांध्यात रोधपट्टी, पायथ्याशी खडीत बसविलेली सच्छिद्र नळी आणि उपसा करणारा पंप, एवढी सिद्धता हवी. उताराच्या तोंडाशी रस्त्याहून उंच उंबरठाही हवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला, तसा लोंढा मात्र कोणताही थर अडवू शकत नाही. म्हणून ओढ्याकाठी तळघर नसावे, आणि विजेचे मीटर तर कोठल्याच तळघरात नसावेत. तेथे साचलेल्या पाण्यात वीज उतरली, तर प्रसंग रखवालदाराच्या जिवावर बेततो.

स्थावर संपदा कायदा, २०१६ अन्वये ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. रहिवाशांनी हा हक्क अवश्य बजावावा. परंतु मातीआड गेलेली भिंत पुन्हा उघडणे सोपे नव्हे. यास्तव आमची सूचना अशी की, पोकळी बुजविण्यापूर्वी अभियंत्याने भिंतीची तपासणी करावी, तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि ती घराच्या कागदपत्रांसह ग्राहकाच्या हाती द्यावीत. आयुष्याची पुंजी ओतून घर घेणाऱ्यास, जे झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी पाहण्याचा अधिकार असलाच पाहिजे.