बांधणीची चादर : रंग पक्का, तर सौदा पक्का

आमच्या शेजारच्या वहिनींनी लेकीच्या रुखवतात मोठ्या हौसेने बांधणीची लाल चादर ठेवली होती. सासरी पहिल्याच धुण्यात चादरीचा रंग सुटला आणि त्याच बादलीत भिजवलेले सासऱ्यांचे पांढरे सदरे गुलाबी झाले. कुणी काही बोलले नाही, पण नवी नवरी कानकोंडी झाली. वहिनींनी ती चादर माहेरी मागवून नीट निरखली, तेव्हा कळले की बांधणी म्हणून घेतलेली चादर चक्क छापील होती. "एवढे पैसे मोजूनही फसलेच," त्या हळहळल्या.

अशी फसगत कुणाचीही होऊ शकते. साडी घेताना आपण पोत, काठ, पदर सारे पारखून घेतो. चादर मात्र नक्षी आवडली की लगेच बांधून घेतो. खरे पाहता कसोटी चादरीचीच मोठी. बांधणीची साडी वर्षातून चार-पाचदा नेसली जाते. चादर दर आठवड्याला धुतली जाते, तिला घाम लागतो, रात्रभर ती अंगाखाली घासली जाते. म्हणून शयनगृहासाठी बांधणी निवडताना नक्षीच्या आधी रंगाचा विचार करायला हवा.

गाठींची करामत

बांधणीची रीत ऐकायला सोपी आहे. कापडाचा अगदी लहानसा भाग चिमटीत उचलायचा, त्याला दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे आणि कापड रंगात बुडवायचे. वेढ्यांच्या आत रंग पोहोचत नाही, त्यामुळे गाठ सुटली की तिथे ठिपका उमटतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील काही वस्त्रांवरही अशी ठिपक्यांची नक्षी दिसते.

गुजरातेत कच्छ आणि जामनगर, तर राजस्थानात जयपूर, जोधपूर, सीकर ही बांधणीची नावाजलेली ठिकाणे. गाठी बांधण्याचे काम बहुतेक स्त्रिया घरकाम सांभाळून करतात आणि मजुरी गाठींच्या संख्येवर ठरते. राजस्थानी लहरियात कापड तिरपे गुंडाळून ठरावीक अंतरावर बांधतात. सोडल्यावर त्यावर तिरप्या लाटा दिसतात.

आता हिशेब करून पाहा. डबल बेडची चादर साधारण ९० × १०८ इंचांची असते. ती बारीक ठिपक्यांनी भरायची तर हजारो गाठी हाताने बांधाव्या लागतील. अशी चादर मातीमोल भावात मिळत असेल, तर एक तर ती छापील आहे किंवा बांधणाऱ्या बाईला तिचे मोल मिळालेले नाही. खिशाला परवडणारी अस्सल चादर हवी असेल, तर मोठ्या ठिपक्यांची किंवा लहरियाची घ्या. पलंगावर मोठी नक्षी उठूनही दिसते.

अस्सल की छापील?

● चादर उलटून पाहा. छापील नक्षी मागून बहुधा फिकट दिसते. बांधणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी असते.

● ठिपके न्याहाळा. हाताने बांधलेला प्रत्येक ठिपका थोडा वेगळा असतो. सगळे ठिपके एका मापाचे आणि रेखीव असतील, तर छपाईची शंका घ्यावी.

● कापडावर हात फिरवा. नव्या बांधणीवर गाठींच्या बारीक चुण्या जाणवतात. धुतल्यावर किंवा इस्त्रीनंतर मात्र त्या जातात.

● पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर जोराने घासा. रुमाल रंगला, तर चादर कितीही सुंदर असली तरी घेऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होत नाही.

घरीच करून पाहा

सुरुवात चादरीने न करता उशीच्या दोन अभ्र्यांनी करा. कापड शुद्ध सुती हवे, कारण पॉलिएस्टरवर हा रंग चढत नाही. सुती कापडासाठी थंड पाण्यात चढणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या. १९५६ साली बाजारात आलेले हे रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून ते टिकतात.

नवे कापड आधी धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात धुवा, म्हणजे खळ निघून जाईल. मग गोट्या किंवा हरभरे कापडात धरून पक्क्या दोऱ्याने घट्ट बांधा. बांधलेले अभ्रे ओले करून पिळून घ्या.

दोन अभ्र्यांचे वजन पाव किलोच्या आसपास भरते. त्यांना ५ लिटर पाणी, २५० ग्रॅम मीठ आणि ५ ते १० ग्रॅम रंग पुरतो. प्लॅस्टिकच्या बादलीत मीठ व रंग विरघळवून अभ्रे अर्धा तास हलवत राहा. मग ते बाहेर काढा. १०० ग्रॅम धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून बादलीत घाला आणि अभ्रे पुन्हा तासभर बुडवून ठेवा. रंग धाग्याला धरतो तो या सोड्यामुळे. खाण्याचा सोडा इथे चालणार नाही.

नंतर थंड पाण्याने खळबळून गाठी सोडा, साबणाच्या गरम पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. धुण्याचे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा कंटाळा करू नका. न चिकटलेला रंग इथेच निघून जायला हवा. दोन रंग हवे असतील, तर आधी पिवळ्यासारखा फिका रंग द्या, आणखी गाठी बांधा आणि मग लाल रंगात बुडवा.

रंगाची पूड श्वासातून जाणे चांगले नाही. ती मिसळताना नाकातोंडाला कापड बांधा, हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. रंगाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

गेल्या दिवाळसणाला लेक आली, तेव्हा वहिनींनी तिला हाताशी घेऊन गॅलरीत हाच उद्योग मांडला. आधी अभ्रे केले, ते जमल्यावर चादर. ठिपके लहानमोठे झाले, एका कोपऱ्यात रंगही जरा फिका चढला. पण सासरी नेण्यापूर्वी लेकीने ती चादर मुद्दाम एका पांढऱ्या रुमालासोबत रात्रभर भिजत घातली. सकाळी रुमाल पांढराच होता.