खेळण्यांतील हेलिकॉप्टर : उडविण्याची रीत व निगा

दिवाळी, नाताळ किंवा वाढदिवस आला म्हणजे आमच्या सक्करदऱ्यांतील एखाद्या घरीं दूरनियंत्रित हेलिकॉप्टर येतें, आणि आठवड्याभरांत तें मोडून कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसतें. मुलगा म्हणतो, यंत्र वाईट. वडील म्हणतात, मुलगा धसमुसळा. आमच्या मतें बहुधा दोघांचेंही म्हणणें खरें नसतें. यंत्र कसें चालतें हें समजून न घेतां तें उडविण्याची घाई, एवढाच काय तो दोष. म्हणून त्या यंत्राचें शास्त्र, उडविण्याची रीत व निगा या तीन गोष्टी येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. विमानाचे पंख स्थिर असतात. तें पुढें धांवूं लागलें म्हणजे पंखांवरून वाहणाऱ्या हवेनें उचललें जातें. हेलिकॉप्टरचीं पातीं हेच त्याचे पंख, आणि तीं स्वतःच फिरतात. म्हणून त्यास धांवपट्टी लागत नाहीं. परंतु पातीं एका दिशेनें फिरलीं कीं यंत्राचें धड उलट दिशेनें फिरूं पाहतें. क्रियेस समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम येथें आडवा येतो. इगोर सिकोर्स्की यांनीं १९३९ सालीं अमेरिकेंत जें यंत्र उडविलें, त्याच्या शेपटीवर एक लहानसा उभा पंखा बसवून त्यांनीं धडाचें हें फिरणें थोपविलें. लहान खेळण्यांत बहुधा निराळी युक्ति असते. एकाच अक्षावर पात्यांच्या दोन जोड्या एकीवर एक बसवून त्या परस्परविरुद्ध दिशांस फिरवितात. दोहोंचा जोर सारखा असला कीं धड स्थिर राहतें. एकीचा वेग किंचित् वाढविला कीं यंत्र वळतें. शेपटीवरील आडवा पंखा शेपूट वर किंवा खालीं करून यंत्रास पुढें-मागें नेतो.

आतां उडविण्याची रीत. पहिला पाठ बंद खोलींतच घ्यावा, व छताचा पंखा थांबवावा. यंत्र जमिनीवर ठेवून त्याचें शेपूट आपल्याकडे करावें व आपण चार-पांच हात मागें उभें राहावें. मग शक्तीची दांडी हळूहळू वर न्यावी. जमिनीपासून वीतभर उंचीवर यंत्र डळमळतें, कारण पात्यांनीं खालीं लोटलेली हवा जमिनीवर आपटून तेथेंच घोटाळते. म्हणून तेथें रेंगाळूं नये. कमरेइतक्या उंचीवर न्यावें. यंत्र आपोआप गरगर फिरूं लागल्यास ‘ट्रिम’ची कळ उलट बाजूस थोडी थोडी सरकवावी. एका जागीं स्थिर ठेवणें साधल्याखेरीज पुढें जाण्याची घाई करूं नये. यंत्राचें तोंड आपल्याकडे झालें कीं डावें-उजवें उलटें भासतें, आणि नवशिके तेथेंच फसतात. अशा वेळीं आपण यंत्राच्या आंत बसलों आहों अशी कल्पना करावी. धडक होणारच असें दिसतांच शक्ति पूर्ण बंद करावी. हलकें यंत्र पडून क्वचितच मोडतें. भिंतीस अडलेलीं पातीं मात्र फिरवीत राहिल्यास दंतचक्रें झिजतात व मोटर जळते. कोणाच्याही तोंडाजवळ यंत्र नेऊं नये. डोळा हा बाजारांत मिळणारा सुटा भाग नव्हे.

सक्करदरा तलावाच्या कांठीं तें उडविण्याचा मोह होईल. परंतु लहान यंत्रास वाऱ्याची झुळूकही सोसत नाहीं. आणि अवरक्त किरणांनीं चालणारीं खेळणीं उन्हांत आज्ञा ऐकत नाहींत, कारण सूर्यप्रकाशांतही तेच किरण विपुल असतात. शिवाय सोनेगांवचा विमानतळ आपल्याच शहरांत आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें २५० ग्रॅमांपर्यंतच्या यंत्रास चालकाचा परवाना लागत नाहीं. तरी विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरांच्या आंत केंद्र सरकारच्या, व ५ ते ८ किलोमीटरांच्या पट्ट्यांत विमान वाहतूक नियंत्रकांच्या अनुमतीवांचून उडवितां येत नाहीं. तेव्हां घराचें छत हेंच आमच्या विद्यार्थ्यांचें आकाश असावें, हें बरें.

राहिली निगा. हा भाग पालकांनींही लक्षपूर्वक वाचावा, कारण यांत घराची सुरक्षितता गोंविलेली आहे. या यंत्रांत बहुधा ३.७ व्होल्टांची लिथियम बॅटरी असते. पूर्ण भरली म्हणजे ती ४.२ व्होल्टांवर जाते. पांच-सात मिनिटांच्या उड्डाणानंतर ती तापते. ती निवल्यावरच पुन्हां भरावयास लावावी. भरत असतां जवळ कोणी मोठें माणूस असावें. रात्रीं उशाशीं लावून झोंपूं नये. नागपूरच्या वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या दिवसांत यंत्र गच्चीवर किंवा बंद मोटारींत ठेवूं नये. बॅटरी फुगलेली दिसली कीं तिचा उपयोग तत्काळ थांबवावा. ती टोंचूं नये, दाबूं नये, घरच्या केरांतही टाकूं नये. तिच्यांतून आग लागते. ती विजेच्या उपकरणांचा कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी. फार दिवस यंत्र वापरावयाचें नसल्यास बॅटरी अर्धी भरून ठेवावी.

प्रत्येक उड्डाणानंतर दंतचक्रांत व अक्षाभोंवतीं गुंडाळलेले केस व धागे चिमट्यानें काढावे. स्क्रू सैल झाले असल्यास पेचकसानें हलकेच आवळावे. फार आवळल्यास प्लास्टिक फाटतें. पात्याची कड तुटली असेल तर यंत्र थरथरतें; तें पातें बदलावें. वरच्या व खालच्या जोडींतील पातीं उलट दिशांस फिरत असल्यानें त्यांचा आकारही उलट असतो, म्हणून त्यांची अदलाबदल करूं नये.

भारतीय वायुसेनेच्या अनुरक्षण विभागाचें मुख्यालय आमच्या नागपुरांतच आहे. आकाशांतल्या प्रत्येक उड्डाणामागें जमिनीवरील दुरुस्तीचे हात असतात, याची ही खूणच म्हणावी. तेव्हां पालकांस आमची एवढीच विनंति कीं, खेळणें मोडलें म्हणून मुलास रागें भरूं नये, अथवा लगेच नवें आणूनही देऊं नये. एक लहान पेचकस त्याच्या हातीं द्यावा, आणि तें कां मोडलें हें त्यास विचारावें. उत्तर शोधतां शोधतां तो जें शिकेल, तें खेळण्याच्या किंमतीहून पुष्कळ मोलाचें असेल.