मोबाइलवरचा बोर्डिंग पास : एवढं लक्षात असू द्या

कागदी पासवर लांबट ‘पीडीएफ ४१७’ बारकोड असतो, तर मोबाइलवर बहुतेकदा चौकोनी अ‍ॅझ्टेक किंवा क्यूआर कोड. दोन्हींत नाव, पीएनआर, विमानाचा क्रमांक आणि आसन नोंदलेलं असतं; साध्या अ‍ॅपनेही ते वाचता येतं. त्यामुळे ‘निघालो दुबईला!’ म्हणत पासचा फोटो स्टेटसला टाकणं धोक्याचं.

ऐन गेटवर नेट दगा देतं. पास आधीच डाउनलोड केलेला बरा. स्कॅन करताना ब्राइटनेस वाढवावा.

१ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसीत ‘डिजियात्रा’ सुरू झाली. २०२३मध्ये पुणे, मुंबईतही आली. त्यात पास अ‍ॅपवर चढवला, की प्रवेशद्वारावर चेहऱ्यावरूनच ओळख पटते.

युरोपातल्या रायनएअरने १२ नोव्हेंबर २०२५पासून घरून छापून आणलेले पास घेणंच थांबवलं.