येवल्याचा पतंग आणि भूमितीतला पतंग

नाशिक जिल्ह्यात येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आसाऱ्या, म्हणजे मांज्याच्या फिरक्या, फिरत राहतात, आणि वर दिसतात ते बहुतेक कोपऱ्यावर उभे केलेले, जवळपास चौरस कागद. पाठ्यपुस्तकातला पतंग मात्र वर आखूड, खाली निमुळता. मग चौरसाला पतंग म्हणायचे का? जरूर म्हणायचे. अट एवढीच, की लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असाव्यात. चारही बाजू समान झाल्या की समभुज चौकोन, त्यात काटकोन आले की चौरस. अट कुठेच मोडत नाही. उलटे मात्र खरे नाही, प्रत्येक पतंग समभुज नसतो.

या साध्या अटीतून बरेच निघते. उभ्या कर्णाने होणाऱ्या दोन त्रिकोणांच्या तिन्ही बाजू जुळतात, म्हणून ते एकरूप. म्हणूनच उभा कर्ण आडव्याला काटकोनात दुभागतो आणि क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे येते. दोन्ही कर्ण ६० सेंटिमीटर असतील तर १८०० चौरस सेंटिमीटर. कोणी म्हणेल, आडवी काडी तर वाकलेली असते, ती कर्ण कशी? नाहीच ती कर्ण. तिची टोके जोडणारी रेषा म्हणजे कर्ण. काडी दोन्हीकडे सारखी वाकली, तर ती रेषा उभ्या काडीला काटकोनातच छेदते. कमीजास्त वाकली, तर पतंग एका अंगाला कलतो.