पंचांची चूक आणि आपला हिशेब



फुटबॉलच्या जागतिक चषकाचे दिवस आले कीं आपल्या आंबिवलींतील मुलें एकाएकीं दूरदेशचीं होतात. कोणी अर्जेंटिनाचा निळापांढरा सदरा अंगांत घालतो, कोणी ब्राझीलचा पिवळा. २०१४ सालीं ब्राझीलमधील अनेक सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दिसत. त्या दिवसांत पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगत असे. आणि खोटें कशाला बोलावें, शिक्षकाचे डोळेही तांबडेच असत.

परंतु या उत्साहाच्या तळाशीं एक सल आहे. "सर, एवढा मोठा आपला देश, त्यांत अकरा खेळाडू मिळूं नयेत काय?" हा प्रश्न दर चार वर्षांनीं कोणी तरी विचारतोच. त्याचें उत्तर शोधावयाचें तर या स्पर्धेंत प्रवेश कसा मिळतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

यजमान राष्ट्रें सोडलीं तर प्रत्येक देशास आपल्या खंडांतील पात्रता-सामन्यांतून वाट काढावी लागते. विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. २०२६ च्या चषकासाठीं आशियाच्या दुसऱ्या फेरींत भारताच्या गटांत कतार, कुवेत व अफगाणिस्तान हे संघ होते. चौघांपैकीं दोघांनाच पुढें जातां येणार होतें. शेवटचा सामना ११ जून २०२४ रोजीं दोहा येथें कतारशीं झाला. छांगटे यानें पूर्वार्धांत गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. ती टिकली असती, तर भारत पुढील फेरींत गेला असता. परंतु ७३ व्या मिनिटास रेषेबाहेर गेलेला चेंडू आंत ओढून कतारनें गोल केला, आणि पंचांनीं तो मान्य केला! अखेर भारत १-२ असा हरला.

शाळा उघडतांच नववींतील एक मुलगा रागानें लाल होऊन माझ्याकडे आला. मीं त्याची समजूत घातली नाहीं; त्याचें म्हणणें खरेंच होतें. मीं फक्त फळ्यावर हिशेब मांडला. सामने ६, विजय १, बरोबरी २, पराभव ३, गुण ५. सहा सामन्यांत मिळून केलेले गोल ३. त्याच वर्षीं मार्चमध्यें गुवाहाटीस, आपल्याच घरीं, अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार. पंचांनीं एक गोल चुकीचा दिला हें खरें. परंतु एकाच गोलावर सारें अवलंबून राहावें अशी वेळ आपणच आपणांवर आणली होती, हेंही तितकेंच खरें.

आतां अकरा खेळाडूंचा प्रश्न. आइसलंडची वस्ती २०१८ सालीं सुमारें साडेतीन लाख होती. आपल्या कल्याण-डोंबिवलीची २०११ च्या खानेसुमारींत सुमारें साडेबारा लाख होती. तरीही २०१८ च्या चषकांत आइसलंडनें अर्जेंटिनास १-१ असें रोखलें. त्यांचा प्रशिक्षक व्यवसायानें दंतवैद्य, आणि मेस्सीची पेनल्टी अडविणारा गोलरक्षक चित्रपट दिग्दर्शित करणारा! हा कांहीं चमत्कार नव्हे. बर्फाच्या त्या देशानें छपराखालीं मैदानें बांधलीं, शाळांशेजारीं लहान क्रीडांगणें केलीं आणि चिमुकल्या मुलांसही परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रशिक्षक दिले. खेळाडू डोकीं मोजून मिळत नाहींत. किती मुलांस मैदान, गुरु आणि नियमित सामने मिळतात, हें मोजावें लागतें.

आपल्या महाराष्ट्रांतही याचा दाखला आहे. कुस्तीच्या कोल्हापुरानें तालमींच्या नांवांनीं फुटबॉलचे संघ उभे केले. तेथलाच अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील जागतिक चषकांत भारताकडून खेळला. त्या स्पर्धेचे कांहीं सामने आपल्या ठाणें जिल्ह्यांतच, नेरूळ येथें झाले. भारत आपले तिन्ही सामने दिल्लींत खेळला व हरला. परंतु जिक्सन सिंग यानें कोलंबियावर केलेला गोल ही त्या संघाची एकुलती एक, पण खरी कमाई होती.

पालकांस एक विनंति. नववी लागली कीं मुलाचा चेंडू माळ्यावर जातो आणि खेळाची वेळ शिकवणीस जाते. अभ्यास हवाच, परंतु ज्या वयांत खेळाडू घडतो, नेमकें तेंच वय आपण मैदानावरून उठवून नेतों, आणि मग रात्रीं दूरचित्रवाणीसमोर बसून देशाला अकरा जण कां मिळत नाहींत म्हणून हळहळतों.

"मग सर, आशा ठेवूंच नये काय?" त्या मुलानें विचारलें. अवश्य ठेवावी, पण तिच्यासाठीं कांहीं करावेंही. आतां तो दर शनिवारीं सकाळीं पांचवीच्या मुलांस चेंडू अडवावयास शिकवितो. पंचांवरचा त्याचा राग मात्र अद्याप गेलेला नाहीं. खरें सांगावयाचें तर माझाही गेलेला नाहीं.